भावजयीचं आयोडीन

माझ्या भावजयीला थायरॉईडचा कॅन्सर निघाला, तेव्हा घरातली सगळी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी रसायनशास्त्र शिकलेली, मुंबईत प्रयोगशाळेत काम करणारी. मला काहीतरी ठाऊक असणारच, असं त्यांना वाटत होतं. ठाऊक होतं, म्हणूनच मला बसवत नव्हतं.

ऑपरेशन करून गाठ काढली, तरी मागे राहिलेल्या बारीक पेशी मारायला पेशंटला किरणोत्सर्गी आयोडीन देतात. माझं संशोधन त्याच आयोडीनवर आहे. शिशाच्या जाड भिंतीआड ते असतं आणि मी अलीकडे उभी राहून, जाड काचेतून बघत, यांत्रिक हातांनी काम करते. आयोडीन उडून जाणारं. श्वासातून आत गेलं तर थेट गळ्यात जाऊन बसतं. म्हणून आठवड्यातून एकदा आम्हाला खुर्चीत बसवून गळ्यासमोर मापक लावतात. रोज बाहेर पडताना हात आणि पाय यंत्रावर ठेवायचे, हिरवा दिवा लागला की घरी जायचं. इतकी वर्षं त्या हिरव्या दिव्याच्या भरवशावर मी झोपले आहे.

वरंधला आमचं घर. भाऊ शेती करतो आणि महाड ते वरंध मिनीडोर रिक्षा चालवतो. त्यांना दोन वर्षांची मुलगी. औषधासाठी म्हणून भावजयीने तिचं अंगावरचं दूध आधीच तोडलं होतं. पोरगी रात्रभर रडायची आणि ही दुसऱ्या खोलीत तोंडात पदर कोंबून पडायची, असं आईने मला फोनवर सांगितलं.

औषध दिल्यावर भावजयीला हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत तीन दिवस ठेवलं. सोडताना डॉक्टर म्हणाले, "आणखी पंधरा दिवस लहान मूल आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब राहायचं. मोठ्यांनी सहा फूट अंतर ठेवलं तरी पुरे."

आमचं घर तीन खोल्यांचं. त्यात दोन वर्षांच्या पोरीला आईपासून लांब कोण ठेवणार? दासगावला मामाचं घर बंद होतं. मी रजा टाकली आणि भावजयीला घेऊन तिथे गेले.

पहिल्या दिवशी मी खडूने ओटीवर रेघ मारली. रेघेपलीकडे तिची खाट, अलीकडे माझी. तिची ताटवाटी वेगळी, तिचे कपडे मी हातमोजे घालून वेगळे धुवायचे. तिने भरपूर पाणी प्यायचं, लाळ सुटावी म्हणून लिंबू चोखायचं. मी सांगेन ते ती निमूट करायची. अस्वस्थ मीच होते. प्रयोगशाळेत जे दिसत नाही ते यंत्र दाखवतं. इथे काय होतं? नळ, बादली आणि माझे हात. मी ते धुवायची, पुसायची, पुन्हा धुवायची. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं, लघवीवाटे त्याहून लवकर जातं, हे मी स्वतःच तिला समजावलं होतं. तरी दिवसातून दहादा मनातल्या मनात हिशेब करायची आणि उत्तर आलं की पुन्हा पहिल्यापासून.

शेजारची म्हातारी कुंपणापाशी येऊन विचारायची, "लागतं काय गो ते?"

"नाही मावशी, लागट नाही."

"मग तू रेघ कशाला मारलीस?"

याचं उत्तर मला चार-पाच वाक्यांत देता येतं. भाषणांत दिलंही आहे. तिच्यापुढे ती वाक्यं उपयोगाची नव्हती. "तिच्या अंगातलं औषध थोडे दिवस बाहेर ऊब टाकतं, चुलीसारखी," मी म्हटलं. "लांब बसलं की काही होत नाही." म्हातारीने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ती तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधून कुंपणावर ठेवायला लागली, पण हाक मारायची ती घराकडे परत वळल्यावर.

संध्याकाळी भाऊ व्हिडिओ कॉल लावायचा. पोरगी मोबाइल तोंडाशी नेऊन चाटायची. भावजय हसायची, फोन ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा तिने विचारलं, "ताई, हे तुमीच बनवता ना?"

"मी बनवण्याची रीत सुधारते. तुला दिलं ते दुसऱ्यांनी बनवलं असेल."

"पण तसलंच ना?"

"हो."

"आनि तुमी त्याच्यापास्नं शिशाच्या भिंतीआड उभ्या ऱ्हाता."

मी उठून नळावर हात धुवायला गेले. 

आठव्या दिवशी सकाळी मी नाक्यावर लिंबं आणायला गेले. परत आले तर दार लोटलेलं, खाट रिकामी, तिचा मोबाइल उशीवर. म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "गेली ती. रिक्षात बसली, महाडच्या."

 रिक्षात तिच्या शेजारी कोण बसलं असेल? एखादी पोटुशी बाई? एवढ्याशा वेळात काही बिघडत नाही, हे मी दुसऱ्या कुणाला छातीठोकपणे सांगितलं असतं. स्वतःला सांगता येईना. भावाचा फोन लागत नव्हता. मी मिळेल त्या रिक्षाने महाडचं स्टँड गाठलं. वरंधकडची एसटी नुकतीच सुटली होती. पुढची गाडी येईपर्यंत मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले.

वरंधला उतरले. घराकडे वळणाऱ्या पायवाटेच्या आधी एक मोठा आंबा आहे. त्याच्या आड ती उभी होती. समोर कापणी झालेलं भाताचं शेत आणि पलीकडे आमचं अंगण. आई पोरीला भात भरवत होती. पोरगी दोन घास खायची, कोंबडीमागे पळायची, परत यायची.

मला बघून भावजयीने दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. "शिवले नाय मी, ताई. लांबनंच बघतेय. गाडीत बी मागं उभी ऱ्हायले, सीट रिकामी व्हती तरी."

मी ओरडायचं ठरवून आले होते. पण आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, मध्ये सहा फूट सोडून.

कोंबडी आमच्या बाजूला आली आणि तिच्यामागे पोरगी. तिने मान वर केली. आधी मला बघितलं, मग झाडाआडची साडी.

"आई!"

ती धसकटांतून धडपडत धावत सुटली. भावजय एक पाऊल पुढे आली आणि मग वळून पळाली. उलट दिशेला, बांधावरून, पदर खोचायचंही भान नाही. आपल्या लेकरापासून पळणारी आई मी त्याआधी पाहिली नव्हती. पोरगी हात पसरून तिच्यामागे, आणि मध्ये मी.

मी तिला उचलायला हवं होतं. मी हातांकडे बघितलं. सकाळी भावजयीचे कपडे धुतले होते. मोजे घातले होते. नंतर साबण लावला होता. किती वेळ लावला होता? तेवढ्यात पोरगी माझ्या गुडघ्यापाशी आपटली. मी तिला कवेत घेतलं. तिने मला लाथा मारल्या, चावली, माझे केस ओढले. माझ्या खांद्यावरून तिचे हात बांधाच्या दिशेने पसरलेले होते.

माझी आई धापा टाकत आली. "तू धरतेस तिला, मग तिनंच का नाय धरायचं?"

"आई, आणखी सातच दिवस."

"तुजं शास्तर तुज्यापाशी ठेव," आई म्हणाली. तिने पोरीला माझ्याकडून ओढून घेतलं आणि मागे न बघता घरात गेली.

दुपारी भाऊ मिनीडोर घेऊन आला. भावजय मागच्या बाकावर कोपऱ्यात बसली, मी पुढे त्याच्याशेजारी. दासगावला उतरताना तो म्हणाला, "ताई, तिला ओरडू नकोस." मी नाहीच ओरडले.

उरलेले दिवस ती शिस्तीत राहिली. पंधराव्या दिवशी हॉस्पिटलात मापक लावला, काटा खाली होता. डॉक्टर म्हणाले, "आता मुलीला घ्या." आम्ही सरळ वरंधला गेलो. भावजय अंगणात खाली बसली, हात पुढे केले. पोरगी आजीच्या मागे लपली. हाक मारली तरी येईना.

भावजय रडली नाही. सूप पुढ्यात घेऊन भिजवलेले वाल सोलायला लागली. मी आत जाऊन हात धुतले आणि खिडकीतून बघत राहिले, बाहेर जायचा धीर होईना. बऱ्याच वेळाने पोरगी सुपाजवळ आली, एक वाल उचलला, तोंडात घातला, थुंकला. मग आईच्या मांडीला पाठ टेकून बसली. भावजयीने तिला हात लावला नाही, नुसती सोलत राहिली.

सहा महिन्यांनी स्कॅन झाला. कुठे काही उरलं नव्हतं. भावाने फोनवर सांगितलं तेव्हा मी प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये होते. चहा तसाच टाकून मी जिना उतरले, पुन्हा चढले, काय करावं ते सुचेना.

आता दर वर्षी मी रजा काढून तिला तपासणीला नेते. गेल्या खेपेला परतताना महाडच्या अलीकडे एका हॉटेलात आम्ही वडापाव खायला थांबलो. पोरगी आमच्या दोघींच्या मध्ये बसून पाव कुरतडत होती.

भावजय म्हणाली, "ताई, एक सांगू? तुमी हिला उचललीत ना त्या दिवशी, तवा मला तुमचा लय राग आला व्हता."

"मग? आता गेला?"

तिने मिरचीचं देठ मोडलं, बशीत ठेवलं. "थोडा हाय अजून."

मी मान हलवली आणि आणखी दोन चहा सांगितले.