पिशवीतला हात

हॉलिस लॅड्नरला मी कधी धड बसलेला पाहिला नाही. समोरासमोर घरं, मधे अरुंद रस्ता आणि माझ्या व्हरांड्यात झुलती खुर्ची, तेव्हा पाहण्यात माझ्याकडून कसूर झाली असं कुणी म्हणणार नाही. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकाच्या टोकाला टेकायचा आणि दुसरं भजन सुरू झालं की उगाच बाहेर चक्कर मारून यायचा. पाद्रीबुवांनी सुद्धा हात टेकले होते.

उभी हयात त्याने विजेच्या खांबांवर काढली. समुद्रावरून वादळ आलं की आम्ही खिडक्यांना फळ्या ठोकून आत बसायचो आणि हॉलिस तारा जोडायला बाहेर पडायचा. मग तो निवृत्त झाला, पाठोपाठ त्याची बायको जुएल गेली, आणि पायाची सगळी भिंगरी त्याच्या ट्रकभोवती फिरू लागली. गडद निळा ट्रक, पाठीमागे उघडा हौदा, नेहमी धुतलेला. मिसिसिपीच्या या टोकाला ट्रक नसलेला पुरुष म्हणजे घोंगडीखाली पडून असलेला आजारीच. दूध आणायला गाडी, औषधाला गाडी, जुएलच्या थडग्यावर फुलं ठेवायलाही गाडीच लागते. बस नावाची वस्तू आमच्याकडे फक्त शाळेची.

त्या सप्टेंबरात या ट्रकवरच गदा आली. हॉलिसची मुलगी डार्ला दोन तासांवर राहते. तिने ऐकलं होतं की डॅडी चर्चच्या आवारातून मागे गाडी घेताना पाटीला धडकले, आणि दुकानात तिखट सॉसऐवजी सरबताची बाटली उचलून घरी आले. डोळ्यांच्या डॉक्टरने तिला फोनवर काय सांगितलं ते तिने मला सांगितलं. हॉलिसला मधलं दिसत नव्हतं, फक्त कडेकडेचं दिसत होतं. "शनिवारी येतेय, मिस लुएला. किल्ल्या घेऊनच जाणार. तुम्ही त्यांना काही बोलू नका," ती म्हणाली. मी बोलले नाही. पण हॉलिसला न सांगताच कळलं होतं.

"माझा ट्रक बघेल ना ती," तो मला शुक्रवारी कुंपणापलीकडून म्हणाला. "आंधळ्या माणसाचा ट्रक असा दिसतो का? तूच सांग."

"तू पुन्हा नवरदेवासारखा सजवणार म्हणजे."

"सजवणार नाही. दाखवणार."

आणि सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे जोडकिड्यांचा महिना. काळे, लाल मानेचे, दोघं एकमेकांना चिकटून उडतात आणि थेट गाडीच्या तोंडावर येऊन मरतात. मेले तरी सुटका नाही. उन्हात दोन दिवस राहिले की त्यांच्या पोटातलं आंबट पाणी रंग खातं आणि कितीही घासा, डाग जात नाहीत. हॉलिसच्या ट्रकवर एकही किडा संध्याकाळ बघत नसे. बाकी गावाच्या गाड्या महिनाभर काळ्या मिशा लावून फिरायच्या.

शनिवारी उजाडल्या उजाडल्या त्याने ट्रक घराच्या सावलीत घेतला. उन्हात धुतलं की साबण वाळतो आणि डाग पडतात, हे त्याचं पहिलं वाक्य असायचं, कुणी विचारो न विचारो. ओकच्या झाडाखालीही नाही, झाडावरून चीक गळतो. आधी पाण्याचा जोराचा फवारा. मग नळीच्या टोकाला ती फेसाची बंदूक. दांडा दाबला की पांढरा घट्ट फेस टपापासून चाकांपर्यंत चढतो आणि हळूहळू घाण घेऊन खाली उतरतो. फेस उतरेपर्यंत रंगाला हात लावायचा नाही. मग दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. लोकरी हातमोजा प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात पिळायचा, नाहीतर पकडलेली वाळूच पुन्हा रंगावर फिरते. वरून खाली जायचं, चाकांकडचा भाग शेवटी. असं हे सगळं आम्ही इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवू.

एकदा मी आपुलकीने भांड्यांच्या साबणाची बाटली घेऊन गेले होते, त्याचा साबण संपला म्हणून. त्याच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या.

"लुएला, हा साबण रंगावरचं मेण सोलून काढतो! तुझ्या नवऱ्याच्या गाडीचा रंग कसा गेला ते आत्ता कळलं मला."

"माझ्या नवऱ्याचे तर केसही गेले होते. तेही साबणानेच का?"

त्या शनिवारी मात्र थट्टा सुचत नव्हती. तो नुसता फिरत होता. फवारा मारून झाला, पुन्हा मारला. बादली इकडून तिकडे नेली, परत आणली. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मान वर, जणू डार्लाच आली. आणि मग मला दिसलं. डाव्या दिव्याखाली किड्यांचा अख्खा थर तसाच होता. फेस त्यावरून उतरून गेला, मोजाही त्याच्या शेजारून गेला. हॉलिसने किडा सोडला, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

बर्फ घातलेल्या गोड चहाचा पेला घेऊन मी रस्ता ओलांडला.

"दिव्याखाली थोडे राहिलेत," मी सहज सांगितल्यासारखं सांगितलं.

"भिजत ठेवलेत," तो म्हणाला, पण मान दुसऱ्याच दिव्याकडे होती.

"ह्या नाही. त्या दिव्याखाली."

"माहीत आहे मला, बाई! माझ्या ट्रकवर काय आहे ते मला कळतं." मग खिशातून त्याने पातळ प्लॅस्टिकची पिशवी काढली, आपण सँडविच ठेवतो ती. हात तिच्यात घातला. "डोळ्यांना कोण विचारतं? डोळे चकाकीला फसतात. पिशवी फसत नाही."

त्याची ही जुनी रीत. ओल्या रंगावरून उघडा हात फिरवला तर सगळं गुळगुळीतच वाटतं. पिशवीतून फिरवला की वाळूचा कणही बोटांना टोचतो. खरखर लागली की तिथे चिकणमातीची ती खास वडी घासायची, मग खरखर निघून जाते. दिव्याखालचे किडे त्याला पिशवीनेच सापडले. त्याने ते भिजवून काढले आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं, म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला. "बघ. आता डार्लाने कुठेही हात फिरवावा."

मग टपावरून, दारावरून पिशवीतला हात सरकत गेला आणि तो उजव्या बाजूला वळला. माझ्या घराकडून ती बाजू दिसत नाही. पुढच्या चाकाच्या वर, कोपऱ्याशी त्याचा हात थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला.

"डांबर दिसतंय," तो पुटपुटला. "हायवेवर रस्ता करतायत ना." वडी काढून त्याने तिच्यावर साबणाचं पाणी शिंपडलं आणि घासायला हात टेकवला. तिथेच थबकला. "डांबर इतकं लांब नसतं. लुएला, इकडे ये गं. ह्याचा रंग कोणता?"

मी गेले आणि पाहिलं.

वीतभर लांबीचा पट्टा होता आणि त्याचा रंग पाहताच मला तो कुठून आला ते कळलं. त्याच आठवड्यात मंगळवारी गल्लीच्या टोकाला टॅलीची सायकल सापडली होती, चाक दुमडलेलं, झुलत्या पट्ट्यांचं हँडल वाकलेलं. टॅली सात वर्षांची, तिथेच राहणाऱ्या रनेची मुलगी. सायकल रस्त्याच्या कडेला उभी करून ती बर्फाची कांडी आणायला घरात गेली होती. कांडी हातात घेऊन बाहेर आली तेव्हा सायकल तशी मोडून पडलेली. सगळ्यांनी पार्सलवाल्याला शिव्या दिल्या, तो नेहमी सुसाट जातो. आणि सगळ्यांत जोरात कोण होतं? हॉलिस. "डोळे कुठे ठेवतात हे लोक?" असं ओरडत त्याने त्याच्या कचेरीला फोन लावला होता. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत दुसराच पार्सलवाला येऊ लागला.

"लुएला? झोपलीस का उभ्या उभ्या? रंग कोणता?"

काळा म्हणाले असते तर त्याने दोन मिनिटांत घासून काढला असता. मेणही लावलं असतं. डार्लाला काही दिसलं नसतं आणि भांडणात कदाचित तोच जिंकला असता. मला त्याचा ट्रक जायला नको होता, हे सरळ सांगते. मी म्हातारी बाई, औषधं त्याच्याच ट्रकमधून येतात, आणि सकाळी उठून बघायला समोर काहीतरी हलतं लागतं. पण डोळ्यांसमोर ती कांडी खात उभी असलेली पोर काही हलेना.

"गुलाबी," मी म्हणाले.

"गुलाबी?"

"हँडलच्या पट्ट्यांसारखा. टॅलीच्या."

पिशवीतला हात पट्ट्यावरच होता. मग बोटं हळूहळू त्याच्यावरून गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सावली सरकून ऊन ट्रकवर आलं. दारांवरचा फेस फुटू लागला, वाळू लागला, पांढरे ठिपके पडायला लागले. मी म्हणाले, "हॉलिस, साबण वाळतोय." त्याला ऐकूच गेलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याच्या ट्रकवर साबण वाळला.

"मला काही जाणवलं नव्हतं गं," शेवटी तो म्हणाला. "एक छोटा धक्का. मला वाटलं, फांदी. मी खाली उतरूनही बघितलं नाही. ती तिथे असती तर?"

"नव्हती ना ती."

"असती तर?"

तो तसाच ओल्या कपड्यांनी रस्त्याने रनेच्या घराकडे चालत गेला, कडेकडेने, कुंपणाला हात लावत. परत आला तेव्हा डोळे लाल होते. पार्सलवाल्याच्या कचेरीला फोन लावून म्हणाला, "त्या तुमच्या माणसाची चूक नव्हती. माझी होती. त्याला आमची गल्ली परत द्या." मग बादली उलटी केली आणि तिच्यावर बसला. धड बसला. मी त्याला तसा पहिल्यांदाच पाहिला आणि पाहवेना.

डार्ला आली ती भांडणाच्या तयारीने. गाडीचं दार आपटून उतरली, ओठ घट्ट, कागदपत्रं छातीशी धरलेली. "डॅडी, आधी माझं पूर्ण ऐकून घ्या. मध्ये बोलायचं नाही."

"हात दे," तो म्हणाला.

"काय?"

"उजवा हात, पोरी." त्याने स्वतःच्या हातावरची पिशवी काढून तिच्या हातावर चढवली आणि तिचा हात धरून दारावरून नेला. "कसं लागतं?"

"गुळगुळीत. डॅडी, तुम्ही विषय—"

"आता इथे."

तिचा हात पट्ट्यावर आला आणि तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याने सगळं सांगितलं, मंगळवारपासून, काहीही गाळलं नाही. कागदपत्रं तिने ट्रकच्या टपावर ठेवली. हॉलिसने खिशातून किल्ल्या काढल्या आणि तिच्या हातावरच्या त्याच पिशवीत टाकल्या.

आता ट्रक डार्लाकडे असतो. शनिवारी सकाळी ती तो घेऊन येते. फेस, दोन बादल्या, मेण, सगळं तसंच. किडे तो पिशवीनेच शोधतो, एकही राहत नाही. परवा टॅली नव्या सायकलवरून उतरली आणि ट्रकभोवती फिरून म्हणाली, "मिस्टर हॉलिस, तुमचं इथे राहिलंय. गुलाबी."

"माहीत आहे, बाळ," हॉलिस म्हणाला. "ते राहू दे."