डाळीचं वरचं

खाण्याबद्दल सल्ला द्यायला आपल्याकडे कुणालाच काही शिकावं लागत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आता मोबाईलवर रोज नवा काढा येतो, तेव्हा पारावरून यायचा, एवढाच काय तो फरक. बहात्तरच्या दुष्काळात माझी थोरली मुलगी अंगावर पीत होती आणि आमच्या वाडीतला जो तो वैद्य झाला होता.

माझं माहेर कोल्हारचं. प्रवरेचं पाणी, ऊस, घरात दूधदुभतं. दिलं ते खर्ड्याजवळच्या वाडीत. त्या वर्षी आमच्या विहिरीचा तळ कोरडा ठणठणीत पडला होता आणि गाय विकून टाकली होती. सासरे आणि आमचे मालक दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला जायचे. घरी मी, सासूबाई आणि पोर. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. पोरीला दात आले होते, पण मांड्यांची कातडी लोंबायला लागली होती. मला दूध पुरेसं येत नव्हतं. येणार कुठून? मीच रेशनच्या लाल मायलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढत होते. ही पोर हातची जाते की काय, ही भीती काही सुटत नव्हती.

तालुक्याच्या दवाखान्याची जीप पंधरवड्याने वाडीत यायची. तिच्यातून आहाराच्या बाई उतरायच्या. पुण्याला शिकलेल्या, वयाने माझ्याएवढ्या, अंगाने अगदी काडी. बायका पदराआडून हसायच्या, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

"सोताच्या अंगावर मूठभर मास न्हाई आन् आमाला खायला शिकिवती!"

"लगीन न्हाई, लेकरू न्हाई. हिला काय ठावं?"

बाईंचे कान लाल व्हायचे, पण काम थांबायचं नाही. कुणी विचारायचं, कामावर मिळते ती सुकडीची पूड उष्ण पडते का. कुणी म्हणायचं, दुकानदार डब्याची पावडर द्यायला सांगतो, डब्यावरचं बाळ बघा कसं गुबगुबीत हाय. बाई म्हणायच्या, "चित्रातल्या बाळाला दुष्काळ नसतो."

त्यांनी माझ्या पोरीला काट्याच्या झोळीत घातलं, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "अंगावरचं आता पुरत नाही हिला. वरचं सुरू करा. रोज डाळ द्या."

आता आम्हा बायकांना वरचं म्हणजे वरचं दूध एवढंच ठाऊक. ते तर घरात नव्हतंच. आत्याबाईंनी थोडा विचार करून निकाल दिला, "डाळीचं वरचं म्हनत आसंल ती. कट. हालका आस्तो, लेकराला पचतो." मलाही पटलं. डाळ शिजली की निवायला ठेवायची, खाली बसू द्यायची आणि वरचं पिवळं पाणी पळीने अलगद काढायचं. डाळीचा एक कण मी वाटीत येऊ देत नसे. खाली राहिलेली घट्ट डाळ तिखटमीठ घालून खडी फोडून आलेल्या दोघांना. कष्टाची माणसं, आधी त्यांचं पोट. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

पुढच्या खेपेला काटा आणखी खाली आला. बाई चिडल्या. "एवढं सांगून गेले, तरी काही दिलेलं दिसत नाही तुम्ही."

माझं डोकंच फिरलं. चारचौघींत मी ओरडले, "देत न्हाई? रोज देते! ह्या हातानं देते! डाळीचं वरचं, वाटी भरून!"

"डाळीचं वरचं?" बाई म्हणाल्या. "दाखवा मला."

त्या तडक घरी आल्या. चुलीपाशी डाळ निवत होती. मी तोऱ्यात पळी घेतली आणि नितळ पाणी काढून दाखवलं. बाईंनी माझ्या हातातून पळी घेतली, पार तळाला घातली आणि घट्ट गोळा वर काढला. "हे द्यायचं हो. वरचं म्हणजे आईच्या दुधाखेरीज दुसरं खाणं." मग चुलीपुढेच बसल्या. "माझंच चुकलं. हा शब्दच चुकीचा वापरला मी."

आत्याबाई अशा तशा ऐकणाऱ्या नव्हत्या. "घट्ट बादंल लेकराला. पोट गेलं तं तुमी येनार हाय का जीपमधनं?"

"येईन," बाई म्हणाल्या. "घोटून द्या, थोडं थोडं. आणि आधी हिला द्या, मग कामावरच्यांना."

डाळ एक वेळ गळ्याखाली उतरली असती, पण ते 'आधी' उतरणं कठीण होतं. सासऱ्यांच्या आधी पोरीला, तीही मुलगी! माझी काही टाप नव्हती. संध्याकाळी मी पळीला हातच लावला नाही. तर आत्याबाईंनीच पळी तळाला घातली, वाटीत डाळ घोटली आणि माझ्यापुढे सरकवली. "चार तिला."

मग दोघांना वाढलं. सासऱ्यांनी भाकरी चुरली, बोट फिरवलं. "आज कालवनाला बूडच न्हाई."

"बूड नातीनं खाल्लं," आत्याबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी पोरीकडे एकदा पाहिलं. आणखी एक चतकोर त्या पाण्यात चुरला आणि जेवले. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी चुलीकडे. भीती वाटत होती, पण खोटं कशाला बोलू, आतून हरखले होते.

पोर आधी थुंकायची. मग बोट चाखायला लागली. मग वाटीकडे बघायला लागली. एके दिवशी सकाळी मी भाकरीचं पीठ मळत होते, तर तिने असा काही टाहो फोडला की शेजारणी धावत आल्या. त्याच शेजारणी इतके दिवस म्हणायच्या, किती गुणाची पोर, कधी रडत म्हणून न्हाई. मी तशीच उठायला लागले, तर आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. रडू दे तिला जरा. रडायला बी अंगात कायतरी लागतं गं."

मी पिठाच्या हातांनी तिथेच बसले, आणि पोर भुकेने, हट्टाने, खच्चून रडत राहिली.