बकरी आणि वडिलांचा डावा हात

वडिलांचं उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली, तेव्हा त्यांच्याजवळ उरला एक डावा हात आणि जन्माचा राग. नांदेडच्या बसस्टँडवर ते कंट्रोलर होते. त्यांचा आवाज आला की ड्रायव्हर हातातला चहा टाकून गाडीकडं पळायचे. आता खाटेवरून ते आईवर ताट भिरकावत.

मला जुन्या घरगुती कॉम्प्युटरांचा नाद आहे. कॉलेजात नव्या मशीनवर शिकवते, पण जीव रमतो तो लातूरच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून आणलेल्या जाडजूड कीबोर्डात. तो कीबोर्ड म्हणजेच अख्खा कॉम्प्युटर. टीव्हीला जोडायचा, कॅसेट लावायची, की किंचाळल्यासारखा आवाज करत गेम चढतो. मेमरी इतकी तोकडी की नवं चित्र घालायला जुनं पुसावं लागतं. त्या ओढाताणीतच मजा आहे.

वडिलांसाठी मी त्यावर एका बटणाचा गेम लिहिला. अर्धापूरकडच्यासारखी केळीची बाग, तिच्याकडं धावत येणारी बकरी. ती जवळ आली की बटण दाबून फाटक खाली पाडायचं, तिची वाट अडवायची. उशीर झाला की बकरी आत आणि घड फस्त. दर खेपेला बकरी आणखी जोरात येते.

"काय लेकरावाणी खेळ लावून राहिलीस?" वडील आधी डाफरले. मग बटण दाबलं. बकरी आत गेली. त्यांनी पुन्हा दाबलं. महिन्याभरात दुपारी घरात एकच आवाज घुमायला लागला, "हाऽड!" ड्रायव्हरवर ओरडायचे तसे ते बकरीवर ओरडत. आईला ताटं चुकवावी लागेनात.

एक दिवस कंधारहून मामा भेटायला आला. आईचा धाकटा भाऊ. लग्नापासून वडिलांनी त्याला पाहुण्यांदेखत 'अर्धवट' म्हणूनच हाक मारलेली. तो खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसला. त्याच्यादेखत वडिलांचं फाटक उशिरा पडलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही.

"दाजी," मामा गुडघ्यावर हात मारून हसला, "आता बकरी बी ऐकंना का तुमचं?"

वडिलांनी शेजारचा चहाचा कप उचलला. मला वाटलं, मामावर फेकतात. त्यांनी माझ्याकडं बघत तो सावकाश कीबोर्डवर ओतला. टीव्हीवर केळी वाकडी झाली, मग नुसत्या रेघा. मी कीबोर्ड उघडून पुसला, वाळवला, चिपा बदलून पाहिल्या. तो उठला नाही.

आठवडाभरानं वडिलांनी बटण दाबल्यासारखं चादरीवर बोट आपटून दाखवलं. कॅसेटवरचा गेम मी लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवलेला होता, जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रामही होता. मी लावून दिला. आता ते ओरडत नव्हते. ओठ मिटून, शिकारीला बसल्यासारखे खेळत. बकरी आत जाणं जवळजवळ थांबलं. मग एका सकाळी आईला म्हणाले, "भावाला बोलीव."

आई हरखली. तिनं पुरण घातलं. मामाही नवा शर्ट घालून आला. जेवण झाल्यावर वडिलांनी लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवायला लावला.

मामाला जमेना. बकरी आत. पुन्हा आत. दर वेळी वडील तोंडाच्या चांगल्या अर्ध्या बाजूनं हसत, लाळ गळेपर्यंत. "अर्धवट," ते म्हणाले. हा शब्द मात्र स्वच्छ आला. "अर्धवट... तू बी आन् तुझी बहीण बी."

मला थांबवता आलं असतं. पण माझ्या कीबोर्डावर चहा पडला तेव्हा मामा हसतच होता. मी खेळ पुन्हा सुरू करून दिला.

मामा उठला. चपला घालताना आईकडं न बघता म्हणाला, "अक्का, आता मला बोलवू नकोस." भाऊबीजेला आईनं ओवाळणीचं ताट करून ठेवलं. तो आला नाही. फोनही उचलला नाही.

त्या दिवशी वडिलांना भरवताना आईनं विचारलं, "हरला होतात एकडाव त्याच्यापुढं, ते सोडून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"हसला व्हता त्यो," वडील म्हणाले.

आईनं पुढचा घास मोठा केला. आधीचा तोंडातच होता. तिनं तो त्यावर दाबला आणि तळहात तोंडावर तसाच धरून ठेवला. वडिलांचे डोळे माझ्याकडं वळले. मी लगेच उठले नाही.