मन्मथअप्पांचा धूर

मशीन सुरू केलं की मन्मथअप्पा जिना उतरून गल्लीत यायचे आणि मान वर करून, खिडकीतून बाहेर काढलेल्या पाइपाच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. धूर दिसला की समाधान. "जाऊन राहिला बघा, ताई."

मी दारातून सांगायची, "अप्पा, आधी वर जा. लेझर एकटं सोडायचं नसतं, पेट घेईल."

"तुम्हाला फिकिरीचा लई शौक," असं म्हणत ते सावकाश वर जायचे.

लातूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. बांगड्यांचं दुकान बंद केल्यावर अप्पांनी वरच्या खोलीत कटिंगचं लेझर मशीन बसवलं. लग्नातली नावं, रुखवताची तोरणं, दारावरच्या पाट्या. ऑर्डरी मी घ्यायची, वेळेवर पोचवायचीही मीच. त्यामुळे भिंतीपलीकडची घरघर सतत कानावर असायची. तिच्यामागून अप्पांचा खोकला यायचा. एमडीएफ, म्हणजे भुसा गोंदानं दाबून केलेली फळी, कापताना नुसतं लाकूड जळत नाही, त्यातला गोंदही जळतो. खोकला ऐकला की माझं हातातल्या कामावरचं लक्ष उडायचं.

शेवटी मी कागद घेऊन बसले. पाइप आखूड करायचा. वळणं कमी. पंखा मशीनजवळून काढून खिडकीशी लावायचा, म्हणजे धूर ढकलला न जाता ओढला जाईल आणि सांध्यांतून खोलीत गळणार नाही. एका रविवारी आम्ही सगळं उरकलं. सांध्यांवर टेप अप्पांनी लावली, गिऱ्हाइकाच्या मनगटात बांगडी सरकवावी इतक्या हळुवार हातानं.

खोकला मात्र थांबला नाही. मग एका दुपारी, मशीन चालू असतानाच मी वर गेले. दार रेटलं तर खाली काहीतरी मऊ अडकलं. जोर लावून आत शिरले. खोली करडी झाली होती, अप्पांचे डोळे लाल. दाराच्या फटीत ओला टॉवेल ठासून बसवलेला होता.

"हे काय, अप्पा?"

"हिला दमा हाय, ताई. फुंकरभर धूर बी खाली जाऊ देत न्हाई मी."

"अहो, पण बाहेरची हवा आत आल्याशिवाय पंखा ओढणार काय? दार थोडं उघडं ठेवा."

"आन् धूर तिच्याकडं सोडू? हे मला शिकवू नका." त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

अप्पांची बायको, शिवकांताकाकू, जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या खाली जाऊन उदबत्ती पेटवून घेऊन आल्या. दम्यामुळे अप्पा त्यांना पूजेतसुद्धा उदबत्ती लावू देत नसत. त्यांनी दार वीतभर उघडं ठेवलं आणि फटीसमोर उदबत्ती धरली. धुराची रेघ क्षणभर डळमळली, मग वाकून सरळ आत, मशीनकडे गेली.

"बघा. आतच जाऊन राहिलाय," काकू म्हणाल्या. "माझ्या दम्यासाठी सोताला दमा लावून घेता व्हय?"

अप्पा वाकून त्या रेघेकडे बघू लागले. "आन् वारं फिरलं तर?" त्यांनी मला विचारलं. म्हणून ठरलं, रोज आधी उदबत्ती धरून बघायची, मगच मशीन लावायचं.

हळूहळू खोकला कमी झाला, पण पुरता गेला नाही. उघड्या दारातून अप्पा दिसावेत म्हणून काकूंनी वर, जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकली. मला तेही धोक्याचं वाटायचं, पण त्या हटल्या नाहीत.

पुढच्या थंडीत अप्पा लेकीकडे नांदेडला गेले आणि तिथंच गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. फुप्फुसांचं काही होतं का, हे मी लेकीला दोनदा विचारलं. नाही म्हणाली. तरी माझं मन मानत नाही.

परवा मशीन विकायचा विषय निघाला. काकू म्हणाल्या, "विका. मला काय करायचंय त्याचं." मग म्हणाल्या, "दार लावून बसायचे तवा मला काय ठावं? कापताना नावं वाचायचे हो, ओठातल्या ओठात. नवरीचं आधी."