हातावरची पुरी

भरल्या ताटावरून अर्धपोटी उठण्याची कला उभ्या मराठी मुलखात एकाच माणसाला साधली आहे, आणि तो माझ्या बायकोचा मावसभाऊ आहे. मराठी मुलूख म्हणायचं एवढंच, जन्म त्याचा इल्फर्डचा. मावशी आणि तिचे यजमान साठच्या दशकात ठाण्याहून इंग्लंडला गेले ते तिथलेच झाले. यजमान लवकर गेले, त्यामुळे या मुलाशी मराठी बोलायला घरात उरली एकटी मावशी. परिणाम काय झाला, तर चाळिशीला टेकलेला, सहा फूट उंच, भरघोस मिशांचा हा गृहस्थ दारात उभा राहून म्हणायचा, "मी थोडी लवकरच आले. आत येऊ का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना आणि बायकोने मला कोपराने ढोसलं. बिचाऱ्याच्या कानावर आईशिवाय दुसऱ्या कुणाचं मराठी पडलंच नव्हतं, तो तरी काय करणार! आमची ही त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणू लागलो.

नवं शतक नुकतं सुरू झालं होतं, तेव्हा कंपनीच्या कामासाठी आम्ही पुण्याहून इंग्लंडला, हॅरोला राहायला गेलो. त्याच्या थोडेच दिवस आधी मावशी वारली होती. विमानतळावर दादा आम्हाला घ्यायला आला तो आमची नावं लिहिलेला पुठ्ठा छातीशी धरून. आमच्या लग्नाचा फोटो त्याच्या दिवाणखान्यात टांगलेला, तरी पुठ्ठा! "मी हात केला असता आणि तुम्ही दुसरेच कोणी निघाला असतात, तर किती ऑकवर्ड," असं त्याचं म्हणणं. पेशाने तो ड्रायव्हिंग टेस्टचा परीक्षक. रविवारी जेवायला यायचा तेव्हा मी त्याला स्टेशनवरून गाडीने घरी आणत असे. वाटेत एक अक्षर बोलायचा नाही, पण चौकात मी जरा वेगाने वळलो की त्याचा पाय त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबायचा. उतरताना मात्र अत्यंत सभ्यपणे "थँक यू, छान चालवली" म्हणायचा, आणि त्या सुरावरून मला कळायचं की आजही आपण नापास. मी पुण्यात वीस वर्षं स्कूटर चालवलेला माणूस, मला कोणी इतक्या गोडीने नापास केलं नव्हतं.

पण खरी गंमत जेवणाची. पहिल्या रविवारी हिने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली. हिच्या माहेरी आग्रह म्हणजे कुळाचार, पाहुणा उठताना कण्हला नाही तर बायकांना झोप लागत नाही. दादाने मोजक्या पुऱ्या खाल्ल्या आणि ताटावर पंजा आडवा धरला. "नको, थँक यू." ही गरम पुरी घेऊन तशीच उभी. "एक तरी घे रे, दादा." "नको, रियली." मग हिने तेच केलं जे तिच्या आईने आणि आजीने केलं असतं. पुरी सरळ त्याच्या हातावर ठेवली. आता अशा वेळी काय करायचं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "अगं, अगं, पुरे!" असं ओरडायचं, हात काढून घ्यायचा आणि मुकाट्याने खायची. दादाने हात हलवलाच नाही. पुरी हातावर वाफाळतेय, आणि हा तिच्याकडे बघतोय. मग परीक्षकाच्या आवाजात म्हणाला, "मी नको म्हणाले होते." त्यानंतर आम्हाला एक छोटंसं व्याख्यान मिळालं. इथे नको म्हणजे नको असतं, ती ज्याची त्याची चॉइस असते, दुसऱ्यांदा विचारणं बरं दिसत नाही, वगैरे. हिचा चेहरा एवढासा झाला. "बरं बाबा," म्हणाली आणि पुढच्या रविवारपासून एकदाच विचारायची. तो नको म्हणाला, की पातेलं आत.

बरं, हा माणूस सगळीकडे असा असता तर मी म्हटलं असतं, चला, साहेब आहे. पण दिवाळीत हाच पठ्ठ्या आईच्या पद्धतीच्या चकल्या करून डबाभर ऑफिसात न्यायचा आणि गोऱ्या सहकाऱ्यांच्या अक्षरशः मानगुटीवर बसायचा. "प्लीज, जस्ट वन मोअर, फॉर मी." एक बाई इतक्या भिडस्त, की नाही नाही म्हणत दरवेळी घ्यायच्या. शेवटी भीक नको पण कुत्रं आवर अशी त्यांची गत झाली आणि दिवाळीच्या आठवड्यात त्या मागच्या दाराने येऊ-जाऊ लागल्या. थोडक्यात, इंग्रजांना मराठी आग्रह आणि मराठी माणसांना इंग्रजी शिष्टाचार! मी त्याला छेडलं, "काय हो दादा, त्या बाईंच्या नकोला काही किंमत नाही का?" तो गंभीरपणे म्हणाला, "तो खरा नको नव्हता. तोंडाकडे बघून कळतं." मी विचारलं, "आणि तुमचा?" तर म्हणाला, "पाऊस येईलसं दिसतंय."

एका रविवारी तो छत्री विसरून गेला. मी ती घेऊन स्टेशनवर धावलो, तर प्लॅटफॉर्मच्या बाकावर आमचे पाहुणे कागदातले चिप्स खात बसलेले. आमच्याकडून जेवून निघाल्याला पाव तासही झाला नव्हता! मला बघून त्याने पुडी कोटाच्या मागे लपवली. "भूक नव्हती," म्हणाला, "ट्रेनला वेळ होता." घरी येऊन मी हिला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी पातेलं आत नेते ना, तेव्हा तो त्याच्याकडे बघत राहतो. मला वाटायचं, वास आवडत नसेल."

मग मावशीचं वर्षश्राद्ध आलं. इल्फर्डला त्याच्या घरी आम्ही दोघंच होतो. सकाळी गुरुजी येऊन गेले. स्वयंपाक दादाने स्वतः केला होता. वड्यांचा बेत फसला म्हणून त्याने पुऱ्या तळल्या होत्या, त्याही अशा फुगलेल्या की हिची बोलती बंद. आम्हाला आधी बसवून स्वतः वाढायला उभा राहिला आणि काय तो आग्रह! "घ्या हो, तुम्ही काहीच खाल्लं नाही. माझ्यासाठी घ्या." मी नको म्हणेपर्यंत पुरी ताटात. शेवटी मी विचारलंच, "दादा, मग आमच्याकडे तुमचं ते नको म्हणजे नको कुठून आलं?"

झारा हातात तसाच धरून तो खुर्चीत बसला. म्हणाला, "मी लहान असताना शाळेतला एक मित्र चहाला आला होता. आईने त्याला पुऱ्यांचा खूप आग्रह केला. त्याला नाही म्हणता येईना. तो खात राहिला आणि मग कार्पेटवरच ओकला. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला कळलं. मी घरी येऊन आईला ओरडले. म्हणाले, आपण इंग्लंडमध्ये आहोत. यापुढे कोणी नको म्हटलं की परत विचारायचं नाही. मलासुद्धा नाही."

"मग?" ही म्हणाली.

"मग काय? तिने ऐकलं. मला परत कधीच दुसऱ्यांदा विचारलं नाही. शेवटपर्यंत. मी सवयीने नको म्हणायचे आणि ती भांडं आत न्यायची." त्याने झारा दुसऱ्या हातात घेतला. "मला वाटायचं, आज तरी विचारेल. पण ते मागता येत नाही ना? मला आग्रह कर, असं कोणाला कसं सांगणार?"

पोराने रागाच्या भरात एक नियम केला आणि त्या माउलीने तो जन्मभर पाळला. आम्हीही आल्या आल्या तोच पाळू लागलो होतो. ही उठली, त्याच्या हातातला झारा काढून घेतला आणि त्याला पानावर बसवलं. तो जेवला. मग नेहमीप्रमाणे ताटावर पंजा आडवा आला. "नको, थँक यू." हिने कढईतली पुरी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. चांगली गरम होती. तरी हात हलला नाही.

"मी नको म्हणाले होते," तो म्हणाला, अगदी हळू.

"मला नाही ऐकू आलं," ही म्हणाली आणि तिच्यावर दुसरी ठेवली.

त्याने हात काढून घेतला. "अगं, अगं, पुरे!" म्हणाला. कुठे शिकला होता कोण जाणे, पण सूर अगदी बरोबर लागला. पुढची दोन वर्षं आमच्याकडे तो दर रविवारी भांडून, कण्हत, पोट धरून उठला आणि ही सुखाने झोपली.

आता आम्हाला पुण्याला परत येऊन काही वर्षं झाली. दादा तिथेच आहे, एकटाच. रविवारी आमच्या चहाच्या वेळी त्याचं दुपारचं जेवण असतं, तेव्हा ही फोन लावते. काय खाल्लंस विचारते. तो सांगतो, सूप आणि टोस्ट. "एवढंच? अजून एक टोस्ट घे," ही म्हणते. "नको, थँक यू," तिकडून येतं. "घे रे, दादा. माझ्यासाठी." ही फोन कानाला धरून उभी असते. आणि पाच हजार मैलांवरून टोस्टरचा खटका दाबल्याचा आवाज येतो.