कोमो, लिऑन की क्रेफेल्ड

युरोप आमच्या घरात आला तो तीन चित्रांच्या कार्डांवरून. नवरा पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये फिटर होता. साड्यांवर छपाई करणारं भलंमोठं यंत्र, ते अडलं की नवऱ्याला हाक. ते बसवायला जो परदेशी इंजिनिअर आला होता, त्याला नवऱ्याचं काम फार आवडलं. जाताना त्याने कार्डं हातात ठेवली आणि म्हणाला, आमच्या कंपनीचे दुरुस्तीचे कारखाने ह्या तीन शहरांत आहेत, तिन्हीकडे माणूस हवाय. बायकोला घेऊन ये. कुठलं शहर ते ठरव, पुढच्या वर्षी दुसरं यंत्र बसवायला येईन तेव्हा सांग.

कोमो, लिऑन आणि क्रेफेल्ड. इटली, फ्रान्स, जर्मनी. आम्ही तिन्ही नावं पहिल्यांदाच ऐकत होतो.

तेव्हा आम्ही बमरोलीत राहायचो. दोन खोल्या, भिंतीपलीकडे लूम, म्हणजे खडखडणारे यंत्रमाग. बाहेरच्या खोलीत सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची पोरं. आतलं स्वयंपाकघर सगळ्यांची जेवणं उरकली की आमचं. त्याला दार होतं, पण कडी नव्हती, कारण पाण्याचा माठ आत होता आणि कुणाला कधी तहान लागेल सांगता येत नाही. दिवसभर मी साड्यांवर खडे चिकटवायचे. गठ्ठा घरी यायचा, मी आणि जाऊ मांडीवर साडी पसरून बसायचो, बोटं डिंकाने ताठ झालेली. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत एकदाही मी दार लावून एकटी बसले नव्हते. रडायचं झालं तरी कांदा चिरायला घ्यायचा. लोकांना वाटायचं हिला फॉरेनचं वेड लागलंय. कसलं फॉरेन नि कसलं काय! मला कडी हवी होती. ती इटलीत मिळो नाहीतर जर्मनीत.

मी अमळनेरला बारावीपर्यंत शिकलेली. इंग्रजी वाचलं तर कळायचं, ऐकलं तर बरंचसं कळायचं, बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. कार्डांच्या मागचा मजकूर मीच डिक्शनरी घेऊन लावला. कोमोला तळं आहे, रेशमाची छपाई तिथली जुनी. लिऑनला दोन नद्या. क्रेफेल्डच्या कार्डावर नुसता एक रस्ता होता आणि ओळीने खिडक्या. मला तेच आवडलं. खिडकीगणिक एक घर असणार, आणि घरागणिक एक दार.

सुरुवातीला मजा वाटली, खोटं का बोलू. नवरा कामावरून आला की हातपाय धुऊन कार्डं मांडायचा. ‘समज, लिऑनला गेलो. तर?’ मग तिथली थंडी, तिथली भाषा, तिथे तेल कसलं मिळत असेल, सगळं व्हायचं. एरवी मीठ कमी आहे ह्यापलीकडे न बोलणारा माणूस माझ्याशी तासभर बोलायचा. मी खडे चिकटवता चिकटवता तोऱ्यात सांगायचे, ‘मला तळं-बिळं नको हं, ओल येते घराला.’

हळूहळू सगळी गल्ली त्यात पडली. नवऱ्याच्या गिरणीचा गुजराती शेठ म्हणाला, ‘अरे, ए बधुं छोड, लेस्टर जा, त्यां आपणां माणसो छे.’ आता लेस्टर कुठल्या कार्डावर होतं? पण शेठ म्हणाला म्हणजे आठवडाभर लेस्टर. दीर हिऱ्याच्या कारखान्यात घासणीला होता, त्याचं आपलं अँटवर्प. सासूबाईंचा एकच प्रश्न, ‘तठे कळण्यानी भाकर कोण दी माना पोऱ्याले?’ मी म्हटलं, ‘मी मेले का आई? मी असेनच ना सोबत.’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जाणार आहे हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. नसेलही.

सासरे मात्र बोलत नव्हते. आयुष्यभर लूमवर उभे राहून त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते थोडंच बोलायचे आणि बोलले की ते शेवटचं. प्लेगच्या वर्षी अख्खी गल्ली गाड्या भरभरून खानदेशात पळाली, तेव्हाही ते उंबऱ्यावर बसून होते. एक दिवस त्यांनी विचारलं, ‘कानबाईले ईशी का?’

झालं! तिथे घोडं अडलं.

कानबाई म्हणजे आमची खानदेशची देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर बसते. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या गव्हाच्या पोळ्या, करतात. आमच्या घरात शिस्त अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, त्याच पिठाचे रोट करायचे, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा नाही. ज्याच्या नावाचा गहू घेतला तो पानावर हजर पाहिजे. नसला तर ते घराला वाईट. बायकांच्या नावाचा गहू घेत नाहीत. माझ्या नावाचा माहेरी कधी घेतला नाही आणि इथेही नाही, तेव्हा मी हजर असले काय, नसले काय.

नवऱ्याने इंजिनिअरला पत्र टाकून विचारलं, श्रावणात, म्हणजे ऑगस्टात सुट्टी मिळेल का? उत्तर आलं ते वाचून मी माठाशी उभी राहून हसले. कोमोचा कारखाना ऑगस्टभर बंदच असतो म्हणे, सगळं गाव सुट्टीवर जातं. लिऑनचंही जवळजवळ तसंच. आता बोला! देवीनेच शहर निवडून दिलं होतं. सासऱ्यांना ओरडून सांगितलं, त्यांनी दोनदा मान हलवली आणि म्हणाले, ‘मंग कोमो बरं.’

माझा जीव भांड्यात पडला. क्रेफेल्डच्या खिडक्या मी एका क्षणात सोडून दिल्या. ओल येऊ दे घराला, मी पुसत बसेन.

दुसऱ्या दिवशी नवरा कुठून तरी पंचांग घेऊन आला. मांडी घालून बसला, पानं उलटली, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘नागपंचमी कधी कधी जुलैत येते गं.’

माझं डोकंच फिरलं. ‘अहो, मग त्या वर्षी रजा काढा! माणसं रजा काढत नाहीत का?’

‘तसं नाही. घाईत ठरवायची गोष्ट नाही ही. लिऑनचं पण पुन्हा बघायला पाहिजे.’

‘काय बघायचंय? दोन नद्या आहेत, वाहतायत. अजून काय बघायचंय?’

तो हसला आणि कार्डं पुन्हा मांडली. त्या दिवशी माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की हा माणूस मजेत आहे. गिरणीत त्याला चहा बसल्या जागी यायला लागला होता. गल्लीतले लोक पोरांना घेऊन यायचे, ह्यालाही तिकडे चिकटव म्हणायचे. कोमोला गेला असता तर तो तिथला एक फिटर झाला असता. बमरोलीत बसून तो तीन शहरांचा मालक होता. आणि मी? मी रोज त्याच्याबरोबर तिकडे राहून यायचे आणि भांडी घासायला इथे. आधी नुसती खोली लहान होती. आता ती दर दिवशी आणखी आवळायची. हे मी कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर म्हणाले असते, हिला काम कमी पडतंय.

वर्ष सरलं. इंजिनिअर आला, दुसरं यंत्र बसलं, आणि परत जायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने त्याला जेवायला बोलावलं. कधी, तर कानबाईच्या रविवारी! घरात पाय ठेवायला जागा नसते त्या दिवशी. मी म्हटलं, ‘दुसरा वार नव्हता का?’ तर म्हणे, ‘तो सोमवारी जातोय, मी काय करू?’

आदल्या दिवशी सासरे गहू मोजायला बसले. परातीत मूठ रिकामी करायची आणि नाव घ्यायचं. स्वतःचं झालं, दिराचं, त्याच्या पोरांचं. नवऱ्याच्या नावाला त्यांची मूठ परातीवर थांबली. ‘आते तू जाशी. तुना घेऊ का नको?’

खरं तर तो त्या वर्षी हजरच होता, विचारायची गरज नव्हती. पण त्यांना पुढचं विचारायचं होतं आणि ते असंच विचारणार. मी डिंकाची वाटी हातात धरून दारात उभी. वाटलं, आता बोलेल. म्हणेल, ह्या वर्षीचा घ्या बाबा, पुढच्या वर्षी येईन सुट्टी काढून.

‘घ्या ना बाबा,’ नवरा म्हणाला. ‘मी कुठे चाललोय?’

सासऱ्यांनी मूठ सोडली. वरची पाव मूठ जरा जास्तच पडली.

रात्रभर नवऱ्याला म्हणत राहिले, तोंडाने नाही, मनातल्या मनात: उद्या बोला, उद्या तरी बोला. बापासमोर सुचलं नसेल. इंजिनिअर साहेबासमोर बोलाल.

रविवारी नारळाची कानबाई चौरंगावर बसली, नथ घातली, आरती झाली. रोट बाहेरच्याला चालत नाहीत म्हणून साहेबापुरता स्वयंपाक मी शेजारणीच्या शेगडीवर केला: पुरी, बटाट्याची भाजी, खीर. भाऊबंद एका ओळीत बसले आणि साहेब भिंतीशी वेगळा, पाटावर, लांब पाय कुठे ठेवावेत ते न कळून. चेहऱ्याने भला माणूस होता. सगळ्यांकडे बघून हसत होता. जेवता जेवता त्याने नवऱ्याला विचारलं, इंग्रजीत, सावकाश: ‘मग, कुठलं शहर? मला उद्या ऑफिसला सांगायचंय. नाहीतर ही जागा जाईल.’

मला शब्द न् शब्द कळला.

नवऱ्याने रोटाचा तुकडा मोडला. म्हणाला, तिन्ही चांगली आहेत. म्हणाला, कोमोचं हवामान. म्हणाला, पण लिऑनला. साहेब मान हलवत वाट बघत होता. सासरे वर न बघता जेवत होते. मी हातात पुऱ्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, पदर डोक्यावर. परक्या पुरुषाशी सुनेने थेट बोलायचं नसतं, त्यातून सगळे भाऊबंद बसलेले. आणि इंग्रजी तर माझ्या तोंडून फुटणारच नव्हतं. पण मराठी होतं ना!

‘अहो,’ मी म्हटलं, चांगलं खणखणीत, की बहिऱ्या सासऱ्यांनीही मान वर केली. ‘त्यांना सांगा, आम्ही येतो. कुठलंही चालेल. त्यांनी म्हणावं ते शहर. पण येतो म्हणून आत्ता सांगा.’

ओळ जेवायची थांबली. साहेबाने माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. ‘काय म्हणतेय ती?’

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. विनवल्यासारखं पाहिलं, आणि तेच माझ्याने आजही सोसवत नाही. मग तो साहेबाकडे वळून हसला.

‘माझी बायको म्हणते,’ तो इंग्रजीत म्हणाला, ‘तुम्ही काहीच खाल्लं नाही. अजून घ्या.’

साहेब मोकळेपणाने हसला. पोटावर हात ठेवला, मग मला वाईट वाटू नये म्हणून ताट पुढे केलं. सगळे माझ्याकडे बघत होते. ‘वाढ ना वं,’ सासूबाई म्हणाल्या.

मी पुढे झाले आणि दोन पुऱ्या वाढल्या.