घण घेऊन उभा राहणारा

भित्री माणसं जगात ढिगानं सापडतील, पण भिण्यासाठीच नेमून ठेवलेला माणूस एखादाच. आपला धसका तो असा. त्याचं खरं नाव जादूच्या कंपनीत कोणाला आठवत नव्हतं. ऊठसूट कशाचा ना कशाचा धसका घ्यायचा, म्हणून नावच धसका पडलं. फुगा फुटला तरी याच्या छातीत धस्स व्हायचं. लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. सहावा मजला असला तरी धापा टाकत जिन्यानंच जाणार. घराला कुलूप लावून निघाला, की कोपऱ्यावरून परत फिरायचा, कुलूप ओढून बघायला. बायको वैतागून म्हणायची, "अहो, त्या कुलपाची कडी उपटून काढाल एक दिवस!"

आणि अशा माणसाची धाकटी बहीण निघाली जादूगार. लहानपणी ती त्याच्या कानामागून नाणं काढून दाखवायची आणि हा कान गेला म्हणून भोकाड पसरायचा. पुढे तिनं स्वतःची कंपनी काढली, गावोगाव नाव कमावलं आणि या भावालाही सोबत घेतलं. लोक विचारायचे, हा घाबरट कशाला? ती म्हणायची, "तो माझं फार महत्त्वाचं काम करतो." झालं, त्यापुढे कोणी बोलायची हिंमत करायचं नाही.

काम टाकीचं होतं. खेळाचा शेवट टाकीनं व्हायचा. पुरुषभर उंचीची काचेची टाकी, काठोकाठ पाणी. प्रेक्षकांतला एखादा धट्टाकट्टा गडी वर बोलवायचा, त्याच्या हातून बहिणीच्या मनगटांना साखळी आणि कुलूप घालून घ्यायचं आणि किल्ली त्याच्याच मुठीत द्यायची. तो बापडा जिवाच्या आकांतानं मूठ आवळून बसायचा. मुठीत असायची भलतीच किल्ली. "घट्ट धरा हं," म्हणत बहीण स्वतःच त्याची बोटं मिटवायची, तेवढ्यात खरी किल्ली तिच्या दोन बोटांच्या बेचक्यात गेलेली असायची. मग ती पाण्यात उतरायची आणि वर लोखंडी झाकण बसायचं. झाकणाला चार कुलपं, अगदी खरी, कोणीही ओढून बघावीत. लबाडी सगळी मागच्या बिजागऱ्यांत होती. त्यांच्या खिळा आतून बोटानं सरकायच्या आणि झाकण कुलपांसकट मागून उचललं जायचं.

चारी बाजूंनी पडदा पडायचा, ढोल सुरू व्हायचा, आणि शंभराव्या ठोक्याला ती स्वतःच पडदा सारून निथळत्या केसांनी समोर यायची. खरं तर साठाच्या आतच ती टाकीबाहेर आलेली असायची. उरलेले ठोके पडद्याआड दम खात उभी राहायची. लोकांचा जीव टांगणीला लागल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही ना त्यांना!

धसका विंगेत घण घेऊन उभा. शंभर झाले आणि पडदा हलला नाही, तर धावत जाऊन काच फोडायची. एवढंच काम, आणि तेही एकोणीस वर्षं. पडद्याआड डोकावायची सोय नव्हती, कारण मागून दिवा असायचा आणि जराशी फट पडली तरी सावल्या लोकांना दिसायच्या. म्हणून फक्त मोजायचं. मोजताना हा श्वास रोखून धरायचा. तसं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण बहीण पाण्यात असताना आपण छाती भरून हवा घ्यायची, हे त्याच्या मनाला पटायचं नाही. सत्तरीला डोळे पांढरे व्हायचे, मग हुश्श करून सोडायचा आणि पुढचे तीस ठोके लटपटत काढायचा.

तीन वर्षांपूर्वी एकदा ऐंशीलाच त्याचा धीर सुटला होता. धावला आणि घातला घण. बघतो तर बहीण केव्हाची बाहेर, केस पिळत उभी! पुढच्या दोन रांगा भिजून चिंब, बाकीचे पोट धरधरून हसतायत. तिनं सगळ्या मंडळींदेखत त्याला सुनावलं, "दादा, शंभर म्हणजे शंभर. तुझ्या भीतीपायी माझा खेळ बुडवू नकोस." ते त्याला फार लागलं. तेव्हापासून रोज उभं राहण्याआधी तो स्वतःला बजावायचा, काही झालं तरी शंभर.

आणि मग ते मोठं, नवंकोरं नाट्यगृह मिळालं. एवढी बडी जागा कंपनीला पहिल्यांदाच मिळत होती. सकाळी धसक्यानं नेहमीसारख्या बिजागऱ्या तपासल्या, तेल घातलं. दुपारी जेवून येतो तर झाकण काळंभोर चकाकतंय. नव्या दिव्यांत गंज दिसेल म्हणून बहिणीनं रंगवून घेतलं होतं.

"वाळलाय का पण?" याचा पहिला प्रश्न.

"हात लावून बघ ना," ती म्हणाली.

त्यानं झाकणावर हात फिरवला. खडखडीत वाळलं होतं. तरी त्यानं धसका घेतलाच. पण धसका तो रोजच घ्यायचा, त्याचं कौतुक कोण करणार?

शिवाय कंपनीचा ढोलवाला तापानं फणफणलेला, म्हणून नाट्यगृहाचा वादक मागून घेतला होता. त्याला सांगितलं, सरळ शंभर ठोके, बस. तो मिशीत हसला. "काळजीच सोडा. असा रंगवतो की लोक खुर्चीतून उठतील."

संध्याकाळी टाकीचा खेळ लागला. पडदा पडला. धसक्यानं श्वास ओढला आणि मोजायला लागला.

दहा. वीस. तिसाला छाती जळायला लागली. आज इतक्या लवकर? पस्तिसाला कानांत घूं घूं सुरू झालं. त्यानं दात आवळले, मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. पंचेचाळिसाला श्वास सुटला. रोज सत्तरीला सुटणारा श्वास पंचेचाळिसाला! आधी त्याला लाजच वाटली. म्हातारा झालास लेका, म्हणाला. मग त्याची नजर वादकाकडे गेली.

वादक डोळे मिटून तल्लीन झाला होता. टिपरू वर उचलायचा, हवेत तसंच धरायचा, प्रेक्षागृह गप्प झालं की मग, ठाक्. पुन्हा वर, पुन्हा थांबला. ठोका लांबत होता! मग खरे किती झाले? सत्तर? नव्वद? का शंभर केव्हाच उलटले? आकडा ढोलाचा धरायचा की छातीचा?

छपन्न. सत्तावन्न. घणाचा दांडा घामानं बुळबुळीत झाला होता. मागच्या खेपेचं हसू त्याला कानांत ऐकू येत होतं. शंभर म्हणजे शंभर. तूच घाबरतोयस, ती आत मजेत उभी असेल. पासष्ट. आणि नसेल तर? सत्तर. अरे देवा, नसेल तर! पाय जमिनीला खिळले होते. हसतील, हाकलून देतील, पुन्हा तोंड दाखवता येणार नाही. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर.

तो धावला. डोळे गच्च मिटून, पडद्यावरूनच त्यानं घण घातला.

काचेचा चुरा झाला, पाण्याचा लोंढा पडदा घेऊन पुढच्या रांगांवर गेला. धसक्यानं डोळे उघडले तेव्हा बहीण रंगमंचावर गुडघ्यांवर होती. क्षणभर तशीच राहिली, मान खाली घालून. मग उठली, दोन्ही हात पसरले आणि हसली. साखळी मनगटांवर नव्हती. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, जादू ती हीच!

आत आल्यावर ती बसक्या आवाजात सगळ्यांदेखत ओरडली, "बाहेर आले होते मी! पडदाच सारत होते. पुन्हा तेच केलंस ना दादा?" कोणीतरी फिस्सकन हसलं. धसका खाली मान घालून निघून गेला. बायकोला फोन करून म्हणाला, "मी घरी येतोय. कायमचा. माझ्यानं हे होत नाही." तीसुद्धा या वेळी चेष्टा करायची विसरली.

सकाळी जाण्याआधी निदान आपण केलेला पसारा तरी आवरावा, म्हणून तो रिकाम्या नाट्यगृहात शिरला. काच झाडली. टाकीच्या सांगाड्यावर झाकण तसंच होतं, चार कुलपं लटकत होती. काढायला म्हणून त्यानं बिजागरीची खीळ आतून ढकलली. हलेना. दुसरी ढकलली. तीही हलेना. रंग वरून वाळला होता, पण बिजागऱ्यांत उतरून तिथे घट्ट आवळून बसला होता. त्यानं खाली वाकून झाकणाची आतली बाजू पाहिली. काळ्या रंगावर ओरखडे होते. बोटांचे, एकावर एक, खिळांच्या भोवती. एका ओरखड्यात लाल नखाचा तुकडा अडकला होता.

जिन्यावरून तो बहिणीच्या खोलीपर्यंत कसा गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही. ती शाल पांघरून गरम पाणी पीत बसली होती. त्यानं शालीखालचा हात ओढून काढला. तीन बोटांना पट्ट्या होत्या.

"तू बाहेर आली नव्हतीस."

तिनं हात पुन्हा शालीत ओढून घेतला.

"सगळ्यांसमोर खोटं का बोललीस? मला रात्रभर मेल्याहून मेल्यासारखं झालं गं!"

"खरं कळलं असतं, तर पुन्हा कधी घण घेऊन उभा राहिला असतास?"

"नसतो राहिलो! आणि तूही आता उतरायचं नाहीस. पुरे झालं." एकोणीस वर्षांत तो तिच्यावर पहिल्यांदाच ओरडला होता.

एरवी तिनं एका वाक्यात त्याला गार केलं असतं. आज तिची हनुवटी थरथरायला लागली. लहानपणापासून त्यानं तिला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून त्याला इतकी भीती वाटली, की तो मटकन खालीच बसला.

"दादा, मी तुला हाक मारली रे."

"कधी?"

"आत. खिळा सरकेनात तेव्हा. तोंड उघडायचं नाही, हे काय मला माहीत नाही? तरी मारली. 'दादा' म्हटलं आणि होती नव्हती ती सगळी हवा त्या हाकेत निघून गेली."

धसक्यानं तिचा पट्ट्या बांधलेला हात दोन्ही हातांत धरला.

"मी मोजत होतो गं," तो म्हणाला.